गुंतवळाचा हिशेब

दिवाळी झाली की आमच्या भंडारा जिल्ह्यात मंडयांचे दिवस सुरू होतात. मंडईच्या निमित्ताने लेकी माहेरी येतात, रात्री खडीगंमत किंवा नाटक रंगतं आणि दिवसा घराघरांत सोयरिकींच्या गोष्टी निघतात. मीही नेमाने लाखनीला भावाकडे जाते. यंदा गेले तर घरात सगळ्यांची तोंडं फुगलेली. भाचीचं लग्न मार्गशीर्षात ठरलेलं, हॉल घेतलेला, पत्रिका छापायला गेलेल्या; आणि भांडण कशावरून, तर केसांवरून.

झालं होतं असं. पावसाळ्यात भाचीला टायफॉइड झाला. ताप गेला आणि दोन-अडीच महिन्यांनी केस गळू लागले. तापानंतर असं होतं, बहुतेकांचे केस सहा महिन्यांत परत येतात. पण साखरपुडा काही सहा महिने थांबत नाही. मैत्रिणींच्या सांगण्यावरून तिने शहरातल्या एका पार्लरमध्ये गोंदाने चिकटवायचे केस लावून घेतले. साखरपुडा थाटात झाला. मात्र ते केस काढताना तिचे स्वतःचे केस मुळापासून निघाले आणि कानामागे रुपयाएवढी जागा उघडी पडली. आता लग्नासाठी तिला ‘मायक्रो लिंक’ लावायच्या होत्या. खर्च अठरा हजार.

“एकदा भाजलं, तरी पुन्हा चुलीत हात घालतेस?” भाऊ ओरडत होता. वहिनी गप्प. मी उंबऱ्यात पाय ठेवताच भाची म्हणाली, “आत्या बँकेत होती. तिला हिशेब कळतो. ती म्हणेल ते मला मान्य.”

अडतीस वर्षं बँकेत काढल्यावर माणूस कर्जाच्या अर्जावर मत द्यायला शिकतो. केसांच्या अर्जावर मत देण्याची वेळ मात्र पहिल्यांदाच आली. ते लगेच दिलं नाही. म्हटलं, आधी चौकशी करू. ती करताना जे कळलं, आणि जे मला फार आधीच कळायला हवं होतं, ते आज लिहिते आहे.

नाव इंग्रजी असलं तरी गोष्ट जुनी आहे. आपल्याकडे तिला गंगावन म्हणत. हल्लीच्या मुलींना हा शब्दच माहीत नाही, पण माझ्या वयाच्या बायकांना तो ऐकून नक्की हसू येईल. माझी आई रोज दुपारी ओसरीत बसून फणी करायची. फणीत आलेलं गुंतवळ बोटाभोवती गुंडाळायची आणि बिस्किटांच्या जुन्या डब्यात टाकायची. आम्ही पोरी चुकून ते उकिरड्यावर टाकायला निघालो की म्हणायची, “टाकू नोको वो. आपल्याच डोक्याचं हाये.” दोन-तीन वर्षांचं गुंतवळ साठलं की ते धुऊन, विंचरून, काळ्या दोऱ्याने बांधून त्याचं गंगावन व्हायचं. म्हणजे तरुणपणी गळालेले केस बाईला उतारवयात पुन्हा मिळत. याला मी आईचं आवर्ती ठेव खातं म्हणते.

माझ्या लग्नात मीही आईचंच गंगावन घातलं होतं. पुढे नोकरीतही सवय राहिली. एकदा मार्चअखेरीला रोखपालाच्या खिडकीत वाकून मोजणी करताना माझा अख्खा अंबाडा सुटला आणि थेट नोटांच्या गठ्ठ्यावर पडला. खिडकीबाहेरचे आजोबा दचकले. म्हणाले, “बाई, हे जमा करू का?” त्या दिवसापासून मी केस कापून टाकले.

गंगावन घालणं ही बायकांची लपवाछपवी, असं पुरुषमंडळी म्हणत आली. पण आमच्या झाडीपट्टीतल्या दंडारीत आणि खडीगंमतीत बायकांचं काम पूर्वी पुरुषच करायचे, तेही लांब वेणी लावून. बालगंधर्वांनी रंगभूमीवर जे स्त्रीरूप उभं केलं, त्याची नक्कल घरंदाज बायका करत. पुरुषाने वेणी लावली की कला आणि बाईने लावली की खोटेपणा, हा हिशेब मला कधी जुळवता आला नाही.

आणि लांब केस हवेतच, हा आग्रह तरी कोणाचा? ज्या समाजाने लांब केसांना सौभाग्याचं लक्षण मानलं, त्यानेच नवरा मेल्यावर कित्येक घरांत बाईचं डोकं वस्तऱ्याखाली दिलं. १८९० मध्ये मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने न्हावी बांधवांनी सभा भरवली आणि विधवांचं केशवपन करणार नाही, असं ठरवलं. ज्यांच्या हातात वस्तरा होता, त्यांनीच तो खाली ठेवला. केस बाईचे आणि हुकूम दुसऱ्याचा, ही रीत मोडायची सुरुवात अशी झाली. म्हणून भाचीला मी पहिला प्रश्न पैशांचा विचारला नाही. विचारलं, “हे तुला हवं आहे, की तिकडच्यांना?”

ती जरा वेळ थांबली. म्हणाली, “आत्या, तिकडून कोणी काही बोललं नाही. पण फोटो आयुष्यभर राहतील. तापाने झालेली मी मला त्यात नको.”

हे उत्तर मला पटलं. मग आम्ही दोघी बसने भंडाऱ्याला गेलो.

पार्लर छोटंसं होतं. चालवणारी बाई चाळिशीची, नागपूरला शिकून आलेली. तिने आधी भाचीचं डोकं पाहिलं आणि म्हणाली, “कानामागे मी हात लावणार नाही. आधी त्वचेच्या डॉक्टरांना दाखवून या.” मला ती तिथेच आवडली. कर्ज देण्याआधी जागेची पाहणी करणारा अधिकारी मला नेहमीच आवडत आला.

डॉक्टरांनी रक्त तपासलं. हिमोग्लोबिन कमी निघालं, गोळ्या दिल्या. कानामागची जागा भरून येईल, पण तिथे ओढ नको, असं सांगितलं. आठ दिवसांनी आम्ही पुन्हा गेलो, तेव्हा त्या बाईने सगळं समजावून दिलं.

मायक्रो लिंक म्हणजे धातूची बारीकशी कडी. मंगळसूत्रातल्या काळ्या मण्याएवढी, आतून सिलिकॉनचं मऊ अस्तर असलेली. आपल्या केसांची एक बारीक बट घ्यायची, क्रोशाच्या सुईसारख्या आकडीने ती कडीतून ओढून घ्यायची. त्याच कडीत बाहेरच्या केसांची बट सरकवायची आणि लहानशा पकडीने कडी चपटी दाबायची. झालं. ना गोंद, ना इस्त्रीची उष्णता, ना डोक्याला घट्ट आवळलेली वेणी. कडी टाळूला टेकवायची नाही, थोडं अंतर सोडायचं, म्हणजे मान हलवली तरी मुळाला हिसका बसत नाही. भांगाजवळ आणि कपाळाच्या कडेला लावायच्या नाहीत, तिथल्या केसांनी खालच्या कड्या झाकल्या जातात. पूर्ण डोक्याला शंभर-सव्वाशे बटा लागतात आणि तीन-चार तास बसावं लागतं.

केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतात. त्यामुळे दीड-दोन महिन्यांत कडी खाली येते, लोंबू लागते, शेजारच्या बटेत गुंतते. तेव्हा ती पकडीने उलट दिशेने दाबली की उघडते. केस मोकळे करून पुन्हा वर बांधायचे, किंवा काढून ठेवायचे. तेच केस पुढेही वापरता येतात.

“आणि तेल?” मी विचारलं. हा प्रश्न मी विचारणार, हे तिला ठाऊकच असावं. हसून म्हणाली, “तेल मुळाशी नाही लावायचं. तेलाने कडी सरकते. टोकांना थोडं चालेल.” वहिनीला हे सांगितलं, तेव्हा तिला अठरा हजारांपेक्षा याचाच धक्का मोठा बसला. लग्नाआधी दोन महिने पोरीच्या डोक्याला तेल नाही!

वेणीची पद्धत वाईट का, असंही मी विचारलं. ती पद्धत आफ्रिकी वंशाच्या बायकांची. डोक्यालगत बारीक वेण्या घालायच्या आणि त्यांवर केसांची पट्टी सुईदोऱ्याने शिवायची. १९५० च्या सुमारास अमेरिकेत ख्रिस्टिना जेंकिन्स या कृष्णवर्णीय महिलेने तिचं पेटंट घेतलं. दाट, कुरळ्या केसांत अशी वेणी छान धरून राहते. आपले केस बहुधा सरळ आणि निसरडे. त्यांत ती टिकवायची तर जास्त आवळावी लागते. आवळलं की मुळं ओढली जातात. महिनोन्‌महिने ओढ राहिली तर तिथले केस कायमचे जातात. डॉक्टर त्याला ट्रॅक्शन अलोपेशिया म्हणतात. लहानपणी घट्ट वेण्या घातलेल्या कित्येक बायकांचं कपाळ पुढे रुंद होतं, ते यामुळेच. म्हणजे दोष वेणीचा नाही, ओढीचा आहे. आणि कड्यांनाही तो लागू आहे. बारीक बटेला जाड बट बांधली, तर कडीसुद्धा मूळ उपटते.

इथे माझ्यातला बँकवाला जागा झाला. आपले केस हे तारण. बाहेरचे केस हे कर्ज. तारणाच्या मानानेच कर्ज द्यावं, वर थोडी तफावत राखावी, हा आमचा पहिला धडा. गोंदाच्या कर्जाची अडचण अशी की ते फेडताना तारणच जप्त होतं. निष्णात हाताने, योग्य द्रावण वापरून काढलं तर नसेलही होत. पण घाईच्या हाताची जोखीम मोठी. घट्ट वेणीच्या कर्जाचा हप्ता जड. कडीचं कर्ज त्यातल्या त्यात बरं, कारण ते मधेच, दंड न भरता फेडता येतं. एखादी बट दुखली तर तेवढीच कडी उघडता येते. माझं मत मी या एका गुणावर दिलं. जे सहज उघडतं, ते बांधायला हरकत नाही.

पण एक अटही घातली. सव्वाशे नाही, साठच बटा. मागे आणि दोन्ही बाजूंना, कानामागची जागा सोडून. आजारातून उठलेल्या डोक्याला पूर्ण मर्यादेचं कर्ज देऊ नये. खर्चही निम्म्यावर आला. भाऊ थोडा शांत झाला.

इथवर लिहून थांबले असते तर हा लेख सोपा झाला असता. पण पार्लरमध्ये मी त्या बटा हातात घेतल्या. मऊ, काळ्या, हातभर लांब. विचारलं, “हे कोणाचे?” ती म्हणाली, “ते पाकिटावर लिहिलेलं नसतं, मॅडम.”

आणि मला १९९४ सालची एक दुपार आठवली. मी तेव्हा जिल्ह्यातल्याच एका शाखेत कर्जविभाग पाहत होते. डोक्यावर पाटी घेतलेली एक बाई आली. पाटीत स्टीलच्या वाट्या, चमचे, गंज. खांद्याला केसांनी भरलेली पिशवी. गल्लोगल्ली “केसायवर भांडे घ्या वो बाईऽ” असं ओरडत फिरणारी. म्हणाली, “बाई, पाच हजार देजा. भांडे घेतो, केस आनतो, महिन्यात पैसे वापस करतो.” मी विचारलं, तारण काय? तिने पिशवी पुढे केली. “हे.”

मी हसले. शेजारच्या टेबलावरचे साहेबही हसले. “केसांवर कर्ज?” ती काही बोलली नाही. पिशवीचं तोंड बांधलं, पाटी उचलली आणि गेली. नियमात बसत नव्हतं हे खरं. पण मी नियमासाठी हसले नव्हते. केस म्हणजे कचरा, असं मला वाटत होतं म्हणून हसले होते. आई ज्याला डब्यात जपायची, त्याला!

आज कळतं, ती पिशवी म्हणजे कच्चा माल होता. गावोगावचं असं गुंतवळ व्यापाऱ्यांकडे जातं, तिथून कर्नाटकात कोप्पळजवळच्या भाग्यनगरसारख्या ठिकाणी पोचतं. तिथे बायका एकेक गुंता सुईने सोडवतात, केस धुतात, लांबीप्रमाणे वेगळे करतात. तिरुमलाला भक्तांनी वाहिलेल्या केसांचा देवस्थान लिलाव करतं. ते केस एकाच वेळी कापलेले, सगळ्यांची मुळं एका बाजूला, म्हणून त्यांना भाव जास्त. गुंतवळात मुळं आणि टोकं उलटसुलट होतात, केसावरचे सूक्ष्म खवले एकमेकांत अडकतात, म्हणून त्यावर काम फार करावं लागतं. पण काम झालं की त्याचेही टोप आणि बटा होतात आणि बोटीने परदेशी जातात. कच्च्या केसांची चोरटी निर्यात इतकी वाढली की जानेवारी २०२२ मध्ये केंद्र सरकारला मानवी केसांच्या निर्यातीवर निर्बंध घालावे लागले. ज्या वस्तूची तस्करी होते, तिला मी तारण मानलं नव्हतं.

पितळेच्या भांड्यांसाठी नाव असलेल्या आमच्या भंडाऱ्यात, वर्षभराच्या गुंतवळाला आजही एक पातळसा स्टीलचा गंज मिळतो. घरातली बाई खुश, कारण तिच्या लेखी तो कचराच. फेरीवाली खुश नसते, कारण तिचाही भाव वरचा व्यापारी ठरवतो. आणि तेच केस, किंवा तसेच केस, कडीत अडकून परत आमच्याच जिल्ह्यात येतात तेव्हा त्यांचा भाव हजारांत असतो. मधल्या कष्टांचे पैसे लागणारच, त्याला माझी हरकत नाही. पण ज्या दोन बायकांपासून हा व्यवहार सुरू होतो, त्या दोघींनाही वजन माहीत नाही आणि भावही नाही. ज्या व्यवहारात एका बाजूला वजन-भाव दोन्ही ठाऊक आणि दुसऱ्या बाजूला काहीच नाही, त्याला आम्ही बँकेत व्यवहार म्हणत नव्हतो.

म्हणून माझं म्हणणं साधं आहे. मुलींनी केस लावावेत की नाही, यावर घराघरांत चालणारं भांडण बंद करावं. लावायचे तर लावावेत. मात्र डोकं तपासून, कमी लावावेत, सहज निघतील असे लावावेत. तापानंतर, बाळंतपणानंतर, रक्त कमी असताना डॉक्टरांना विचारल्याशिवाय लावू नयेत. आणि ज्या घरात दाराशी गुंतवळ दिलं जातं, त्या घराने ते तोलून द्यावं. बचत गटांनी ठरवलं तर गावचं गुंतवळ एकत्र करून भाव विचारणं अशक्य नाही. बँकांनाही आता सबब उरलेली नाही. २०१५ पासून मुद्रा योजनेत छोट्या धंद्याला विनातारण कर्ज मिळू शकतं. शहरांतल्या फेरीवाल्यांसाठी २०२० मध्ये स्वनिधी योजना आली, तिचं पहिलं कर्ज दहा हजारांचं होतं. १९९४ मध्ये त्या बाईने यातलं अर्धंच मागितलं होतं.

केस ही चैनीची गोष्ट आहे, असं कोणी म्हटलं तर मी शेगाव तालुक्याची आठवण देईन. डिसेंबर २०२४ ते जानेवारी २०२५ या दिवसांत आपल्याच विदर्भातल्या त्या गावांत माणसांचे केस काही दिवसांत हातात येऊ लागले. बायका, पुरुष, पोरं, कोणी सुटलं नाही. तज्ज्ञांची पथकं आली, महाडचे डॉ. हिंमतराव बावसकर यांनी गव्हातल्या जास्तीच्या सेलेनियमकडे बोट दाखवलं. कारणांची चर्चा विद्वानांनी करावी. वर्तमानपत्रांतल्या फोटोंत मला दिसले ते ओढणीने आणि रुमालाने झाकलेले चेहरे. त्यांना कोणी म्हणेल का, केसांचं काय एवढं?

लग्न छान झालं. भाचीने होणाऱ्या नवऱ्याला आधीच फोनवर सगळं सांगून टाकलं होतं, कडीसकट. तो म्हणाला, “दुखत नाही ना?” एवढंच. सासूबाईंनी मांडवात तिच्या अंबाड्यावर हात फिरवला आणि मला हळूच विचारलं, “गंगावन का?” मी म्हटलं, “तसंच काहीतरी.” त्या म्हणाल्या, “आमच्या वेळी आकडे किती टोचायचे नाही?”

माघात तिने कड्या काढल्या. रात्री घाबरून फोन आला. “आत्या, मूठभर केस हातात आले!” मी तिला हिशेब सांगितला. माणसाचे रोज पन्नास ते शंभर केस गळतातच. एरवी ते फणीत येतात. कडीत धरलेल्या बटांतले गळालेले केस दोन महिने तिथेच अडकून राहिले होते, ते आज एकदम सुटले. टक्कल नव्हे, दोन महिन्यांचं गुंतवळ. कानामागे बोट फिरवायला सांगितलं. बारीक, खरखरीत केस उगवले होते.

“मग हे टाकून देऊ?” तिने विचारलं.

“टाकू नकोस,” मी म्हटलं.

पुढल्याच आठवड्यात आमच्या गल्लीत ती हाक आली. बाई वेगळी, पाटी तशीच. मी स्वयंपाकघरातला वजनकाटा ओट्यावर आणून ठेवला. ती काट्याकडे आणि माझ्याकडे पाहत राहिली. म्हणाली, “बाई, असं कोनी तोलत नाई.” मी म्हटलं, “आजपासून तोलू. आणि वर तुला काय भाव मिळतो, तेही सांग.” तिने पाटी खाली ठेवली, ओट्याच्या कडेला बसली आणि पाणी मागितलं. मी पाणी दिलं. मग आम्ही दोघी मिळून काट्याचा आकडा वाचला.